पारख आणि मौन

जपानातील जुन्या आखूड तलवारीचे एक वैशिष्ट्य असे की, आपल्याविषयीची सर्वांत महत्त्वाची साक्ष ती मुठीत लपवून ठेवते. पाते, म्यान, मुठीवरील रेशमी वेष्टन, मुठीपुढच्या लोखंडी चकतीवरचे कोरीव काम, हे सर्व पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. परंतु ती कोणी घडविली, केव्हा घडविली, ती मुळातच एवढी होती की एखादी लांब तलवार कापून लहान केली, हे सांगणारा पात्याचा शेवट मुठीच्या लाकडात बुडालेला असतो. बांबूची एक लहानशी खुंटी ठोकून काढली म्हणजे मूठ सुटते आणि तो गंजलेला काळसर भाग बाहेर येतो. जपानी भाषेत त्यास नाकागो म्हणतात. ज्यास ही खुंटी ठाऊक आहे त्याच्या हाती एक वस्तू असते, ज्यास ती ठाऊक नाही त्याच्या हाती दुसरीच. आणि या दोघांमध्ये जेव्हा देवघेव होते तेव्हा नीतिशास्त्रातील एक फार जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: जाणत्याने नेणत्याकडून वस्तू विकत घेताना आपले जाणतेपण कितपत उघड करावे?

या तलवारी बाजारात येतात कोठून, हे प्रथम सांगितले पाहिजे. कारण प्रश्नाची धार तेथेच आहे. जपानी मापाचा एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. पाते त्याहून कमी लांबीचे असल्यास त्यास तांतो म्हणतात. एक ते दोन शाकूंच्या दरम्यान असल्यास वाकिझाशी. तोकुगावा घराण्याच्या अमदानीत, म्हणजे १६०३ पासून १८६८ पर्यंत, लांब आणि आखूड अशी तलवारींची जोडी कमरेस लावणे हा सामुराई वर्गाचा मान होता. पण एकटी आखूड तलवार बाळगण्याची मोकळीक नगरवासी व्यापाऱ्यांसही असे, आणि पैसेवाल्या व्यापाऱ्यांनी उत्तमोत्तम कारागिरांकडून आखूड तलवारी घडवून घेतल्या. त्यामुळे त्या पुष्कळ झाल्या आणि पुष्कळ उरल्या. १८७६ साली तलवार लावून हिंडण्यास बंदी झाली व त्या पेट्यांत जाऊन पडल्या. १९४५ साली जपानने शरणागती पत्करल्यावर घरोघरच्या तलवारी जमा करण्यात आल्या. कित्येक नष्ट झाल्या आणि कित्येक विजयी सैनिकांच्या सामानातून अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात गेल्या. १९४६-४७ मध्ये जपानात ठेवलेल्या ताबा-सैन्यात एक हिंदी ब्रिगेड होती आणि तीत मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. ज्यांनी त्या आणल्या ती पिढी आता बहुतेक संपली. आज त्या विकावयास काढतात ती नातवंडे. आणि त्यांच्या लेखी ती आजोबांच्या ट्रंकेतील एक गंजकी सुरी असते.

आता पारख कशी होते ते पाहू. नवशिक्या ग्राहक धार पाहतो. जाणता प्रथम गंज पाहतो. नाकागोवरील गंज ही शतकांची नोंद होय. त्याचा रंग, त्याची खोली, त्याखाली अस्पष्ट दिसणाऱ्या कानशीच्या रेघांची दिशा, खुंटीच्या भोकांची संख्या, यांवरून वय आणि घराणे यांचा अंदाज बांधता येतो. म्हणूनच तो भाग कधीही घासून स्वच्छ करू नये, असा दंडक आहे. घरातील एखादा टापटिपीचा मनुष्य सँडपेपर घेऊन बसतो आणि अर्ध्या तासात तीनशे वर्षांची साक्ष पुसून टाकतो. असे कितीदा तरी झाले आहे. त्यानंतर पात्याचा पोत. पोलाद तापवून, ठोकून, घडी घालून पुनःपुन्हा एकजीव केलेले असल्यामुळे त्यावर लाकडाच्या शिरांसारख्या रेषा उमटतात. काही घराण्यांच्या कामात त्या सरळ, काहींत वळणावळणाच्या. आणि शेवटी ज्यास जपानी लोक हामोन म्हणतात ती धारेलगतची शुभ्र रेषा. पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप व धारेवर पातळ लेप देऊन ते तापवितात आणि पाण्यात बुडवितात. धार एकदम निवते व कठीण होते, पाठ सावकाश निवते व चिवट राहते. या दोहोंच्या सीमेवर ती रेषा उमटते. आपल्या भाषेतही हत्याराला ‘पाणी देणे’ असाच प्रयोग आहे, आणि पाणीदार हे विशेषण आपण पात्यापासून माणसापर्यंत नेले आहे. जपानी पात्यावर हे पाणी डोळ्यांनी पाहता येते, इतकेच.

दोषही तेथेच सापडतात. धारेतून आडवी उभी राहिलेली केसासारखी चीर, जीस हागिरे म्हणतात, पात्यास जवळजवळ प्राणघातक समजली जाते. आणि वरून गंज असेल तर ती दिसतही नाही. आगीत सापडलेल्या पात्याचे पाणी उतरते. मग कोणी तरी ते पुन्हा चढवितो आणि अशा पात्यावर धारेच्या आरंभाशी एक अंधुक छटा तिरपी वर चढलेली आढळते. तिला ‘पाण्याची सावली’ असे सुंदर नाव आहे. पण ही खूणही निर्णायक नव्हे, कारण १६१४ साली वारलेल्या होरिकावा कुनिहिरोच्या अस्सल कामातही ती दिसते. तात्पर्य, पारख हे शास्त्र असले तरी ते संभाव्यतेचे शास्त्र आहे. गंजलेल्या वाकिझाशीवर इंच-दोन इंच जागा घासून ‘खिडकी’ उघडतात आणि तेवढ्यावरून आतील खोलीचा अंदाज करतात. पूर्ण शिकल करावयाची तर निष्णात शिकलगाराचे काम महिनोन्‌महिने चालते आणि त्याचा खर्च कित्येकदा पात्याच्या किमतीहून अधिक होतो. शिवाय प्रत्येक शिकलीत पोलाद झिजते. पाते काही तेवढ्याच वेळा घासता येते.

असो. कल्पना अशी करा की, एक विधवा बाई सासऱ्यांची तलवार घेऊन जुन्या वस्तूंच्या जाणकाराकडे येते. तो मूठ सोडवितो, नाकागोवरील दोन अक्षरे पाहतो, पात्यावर दिवा धरतो, आणि मूठ पुन्हा बसवून म्हणतो, “काय घ्याल?” बाई भीत भीत एक आकडा सांगते. तो खऱ्या किमतीचा विसावा हिस्सा आहे. जाणकार पैसे मोजतो. यात अपराध कोठे झाला?

कायदा बहुधा म्हणेल, कोठेच नाही. आपल्याकडील १८७२ च्या कराराच्या कायद्याचे सतरावे कलम स्पष्ट सांगते की, दुसऱ्याच्या संमतीवर परिणाम करणाऱ्या गोष्टीविषयी नुसते मौन बाळगणे म्हणजे कपट नव्हे. मात्र परिस्थितीच अशी असेल की बोलणे हे त्या मनुष्याचे कर्तव्य आहे, किंवा मौन हेच भाषणाच्या तोडीचे आहे, तर गोष्ट वेगळी. बाजारभाव बदलल्याची खाजगी बातमी एका व्यापाऱ्यास असली तरी ती दुसऱ्या व्यापाऱ्यास सांगण्यास तो बांधलेला नाही, असे उदाहरणही त्या कलमाखाली दिले आहे. हे उदाहरण दोन व्यापाऱ्यांचे आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कायद्याच्या पलीकडे हा वाद दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात मांडून ठेवला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला. अलेक्झांड्रियाहून धान्याचे गलबत घेऊन एक व्यापारी तेथे पोहोचतो. आपल्या मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्याने सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? डायोजेनीस म्हणतो, न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे. अँटिपेटर म्हणतो, मनुष्यमात्राच्या हिताशी तू बांधलेला आहेस, सांगितले पाहिजे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे पडतो. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते. पण ते विकणाऱ्याचे आहे. आमच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण त्याच भागात थोडे पुढे आहे आणि ते मात्र कोणी सांगत नाही. क्विंटस स्कीव्होला नावाच्या गृहस्थास एक शेत विकत घ्यावयाचे होते. त्याने मालकास एकच अखेरचा भाव सांगावयास सांगितला; मालकाने सांगितला. स्कीव्होला म्हणाला, माझ्या मते याची किंमत अधिक आहे. आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर घातले. हे सज्जनाचे कृत्य खरे, पण शहाण्याचे नव्हे, असे लोक म्हणाले. सज्जनपण आणि शहाणपण यांची अशी फारकत करणे हाच सर्व अनर्थाचा उगम, असे सिसेरोस वाटते.

स्कीव्होलाचा दाखला तलवारीच्या खरेदीस जसाच्या तसा लावावा, असे आम्ही म्हणत नाही. शेत उघड्यावर असते. गंजाखालच्या पात्यात चीर आहे की नाही हे जाणकारालाही ठाऊक नसते. तो जोखीम घेतो, शिकलीचा खर्च सोसतो, दहांपैकी सात वेळा कदाचित बुडतोही. शिवाय त्याचा पक्ष असा की, माझे ज्ञान हे माझे श्रम होत. वीस वर्षे मी डोळे शिणविले, ग्रंथ धुंडाळले, चुकीच्या खरेदीत पैसे घातले. आता त्या डोळ्यांचे व्याज मी घेतले तर कोणाचे काय गेले? मी नसतो तर ती तलवार बागेतील गवत कापण्याच्या कामी आली असती. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. हिऱ्याची पारख जवाहिऱ्यासच, असे आपण म्हणतो तेव्हा त्या पारखीचे मोल आपण मान्य केलेलेच असते.

तथापि हे ज्ञान सर्वस्वी त्याचे आहे काय, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. तलवारीची पारख ग्रंथांवरून येत नाही. ती पाती हातात धरून येते. जपानात यासाठी एक सुरेख प्रघात आहे. जाणते व शिकाऊ एकत्र जमतात; संग्राहक आपल्याजवळची उत्तम पाती नाकागो झाकून मांडतात. प्रत्येकाने पात्यास नमस्कार करावा, ते निमूटपणे पाहावे, पोलादास बोट लावू नये, त्यावर बोलू नये, की श्वासाची वाफही बसू नये. आणि मग कारागिराचे नाव चिठ्ठीवर लिहून द्यावे. परीक्षक उत्तर देतो. नाव बरोबर असेल तर ‘अतारी’, म्हणजे नेम लागला, त्याच परंपरेतील अगदी निकटचा कारागीर सांगितला असेल तर ‘दोझेन’, म्हणजे बरोबर धरण्याजोगे, अन्यथा नकार. शेवटी झाकण काढून नाकागो सर्वांस दाखवितात. नाव आधी वाचून मग सौंदर्य पाहावयाचे, ही जी आपली सर्वांची खोड, ग्रंथांच्या बाबतीत आणि माणसांच्या बाबतीतही, तिच्यावर याहून चांगला उपाय आमच्या पाहण्यात नाही. पण येथे मुद्दा वेगळा आहे. ज्या मालकांनी आपली पाती परक्यांच्या हाती दिली, झाकलेली अक्षरे शेवटी उघडून दाखविली, त्यांच्या औदार्यावर पारख्याचा डोळा तयार झाला. मालकांनी आपणहून दाखविले म्हणून जो शिकला, त्याने न दाखविणे हाच धंद्याचा पाया करावा आणि तोही एका मालकाविरुद्धच वापरावा, हे ऋण फेडण्याचे लक्षण खास नव्हे. श्रम त्याचे असतील. भांडवल पुष्कळांचे आहे.

यावरून आम्ही भेद करतो तो असा. दोन व्यापारी समोरासमोर असतील, किंवा वस्तू लिलावात मांडली असेल, तर मौनास दोष देता येत नाही. त्या खेळाचे नियम उभयतांस माहीत आहेत. दुकानदाराने दुकानात भाव लिहून ठेवला असेल तर वाकिझाशी उचलून तेवढे पैसे देणाऱ्यासही आम्ही चोर म्हणणार नाही. परंतु ज्या क्षणी ती बाई विचारते, “याचे काय येईल हो?” त्या क्षणी तिने ग्राहकाशी बोलणे सोडून पारख्याशी बोलणे आरंभिले. आता मौन हेच भाषण होय. कलमातील अपवाद येथे लागू पडतो की नाही हे वकिलांनी पाहावे, नीतीत तो लागू पडतो. तिच्यासमोर बसलेल्या मनुष्यास दोन मार्ग उरतात. मला हे पाते चांगले वाटते, त्यावर अमुक नाव आहे, ते खरे असल्यास इतके, खोटे असल्यास इतके, आत चीर निघाल्यास काहीच नाही, असे सांगून मग भाव करावा. किंवा मी घेणारा आहे, तेव्हा मला विचारू नका, दुसऱ्या जाणत्यास दाखवा, असे म्हणावे. दुसरा मार्ग सोपा आहे आणि धंदेवाल्यांस तो मुळीच परवडण्यासारखा नाही असेही नाही. एकाच बैठकीत पारखी आणि गिऱ्हाईक ही दोन्ही सोंगे घेणे, हे मात्र आम्हांस अप्रामाणिक वाटते, मग भाव कितीही बरा दिलेला असो.

खरेदीच्या वेळी जो इतका मितभाषी होता, तो विक्रीच्या वेळी फार बोलका होतो, ही या कथेची दुसरी बाजू. येथे नाकागोवरील नावाकडे वळले पाहिजे. जपानी तलवारींवर खोट्या सह्या इतक्या आहेत की त्यांना ‘गिमेइ’ असा स्वतंत्र शब्द आहे. सतराव्या शतकातील नागासोने कोतेत्सु हा प्रथम चिलखते करीत असे, पुढे एदो शहरात तलवारी करू लागला आणि इतका नावाजला की त्याच्या नावाची नाणावलेली तलवार दिसली तर ती आधी खोटीच धरून चालावे, असा जाणत्यांचा सल्ला आहे. याउलट माउंट फुजीइतकेच ज्याचे नाव जगजाहीर, त्या मासामुनेच्या बहुतेक कृतींवर सही नाहीच. त्याचे ‘होचो’, म्हणजे स्वयंपाकघरातील सुरीसारखे रुंद, म्हणून ओळखले जाणारे तीन तांतो आज राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेले आहेत आणि तिन्हींवर अक्षर नाही. ज्याला नावाची गरज नाही त्यास नाव नाही, आणि ज्याला आहे त्याचे बहुधा खोटे!

अशा स्थितीत प्रमाणपत्राचे महत्त्व वाढणारच. होन्आमी घराणे पिढ्यान्‌पिढ्या शोगुनांच्या पदरी तलवारींची शिकल आणि पारख करीत असे. ते घडी घातलेल्या कागदावर दाखला देत. त्यास ओरिगामी म्हणत. आपली मुले ज्या नावाने कागदाची पाखरे करतात तोच हा शब्द. त्या दाखल्यावर कारागिराच्या नावाबरोबर सोन्याच्या नाण्यांत मोलही लिहिलेले असे, आणि सरदार लोक परस्परांस तलवारी नजर करीत तेव्हा नजराण्याची प्रतिष्ठा त्या आकड्यावरून ठरे. आज हे काम मुख्यतः १९४८ साली तलवारींच्या जतनासाठी तोकियोत स्थापन झालेली संस्था करते. तिच्या कागदावर किंमत नसते. आणि खोटी सही असलेल्या पात्यास ती कागद देत नाही.

या शेवटच्या नियमातून एक चमत्कारिक गोष्ट निर्माण झाली आहे. पाते उत्तम, सही खोटी. कागद मिळत नाही. मग मालक कारागिराकडून ती सही घासून काढवितो, नाकागोस पुन्हा काळेपणा आणवितो आणि पाते ‘निनावी’ म्हणून पुढे करतो. आता त्यास अमुक परंपरेतील म्हणून कागद मिळतो व भाव वाढतो. असत्य काढून टाकले, यात वावगे काय, असे मालक विचारतो. वरवर पाहता त्याचे बरोबर आहे. पण ती खोटी सही दोनशे वर्षांपूर्वी कोणी तरी कोरली होती; कोणत्या नावास त्या काळी भाव होता, कोणते घराणे लोकांस खपत होते, फसविणाऱ्याचा हात किती तयार होता, हे ती सांगत होती. ती इतिहासातली लबाडी होती, आणि लबाडी हाही इतिहासच. शिवाय आजचा निर्णय उद्या फिरला, ती सही खरीच होती असे उद्याच्या पारख्यांस वाटले, तर? पारख हे संभाव्यतेचे शास्त्र आहे, असे आम्ही वर म्हटलेच आहे. कानशीने घासलेले अक्षर मात्र कोणत्याही शास्त्राने परत येत नाही. आमच्या मते बाईंशी मौन धरणारा ग्राहक आणि सही घासविणारा मालक हे दोघे सख्खे भाऊ आहेत: एकाने माहिती दडविली, दुसऱ्याने ती नाहीशी केली, आणि दुसऱ्याचे कृत्य अधिक वाईट, कारण ते येणाऱ्या सर्व पिढ्यांविरुद्ध आहे.

उघड सांगितलेला दोष वस्तूस मारतोच असे नाही. तेराव्या शतकातील आवातागुचीच्या योशिमित्सुची ‘नामाझुओ’, म्हणजे मागुरमाशाच्या शेपटीसारखी, अशी एक वाकिझाशी आहे. १६१५ साली ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा ती आगीत होरपळली आणि एचिझेनच्या यासुत्सुगुने तिला पुन्हा पाणी दिले. सामान्य पात्याच्या बाबतीत एवढ्यानेच गिऱ्हाईक पाठ फिरविते. ही वाकिझाशी मात्र नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात मानाने ठेवलेली आहे, आणि ती जळली होती हे तिच्या चरित्राबरोबरच सांगितले जाते. योशिमित्सुचे नाव थोर म्हणून तिला ही सवलत मिळाली, असे कोणी म्हटल्यास आम्ही नाकारणार नाही. परंतु लहान नावाच्या पात्यासही हीच वागणूक देणारे विक्रेते आज आहेत. ते चिठ्ठीवर सही जशी आहे तशी लिहितात, तिच्यापुढे ‘खोटी’ असे लिहितात आणि त्या मानाने कमी भाव ठेवतात. अशा दुकानातून घेतलेली वाकिझाशी भिंतीवर लावावी आणि पाहुण्याने विचारल्यास तिची दोन्ही नावे सांगावी, हे आम्हांस कागद मिळवून घेतलेल्या निनावी पात्यापेक्षा अधिक आवडेल.

जपान सरकारचा एक साधा कागदही या तलवारींबरोबर असतो. प्रत्येक जुन्या पात्याची प्रांतिक शिक्षण मंडळाकडे नोंद करावी लागते आणि पोस्टकार्डाएवढा दाखला पात्याबरोबर ठेवावा लागतो. त्यावर लांबी, बाक, खुंटीची भोके किती, आणि नाकागोवर कोणती अक्षरे आहेत एवढेच असते. अक्षरे असतील तशी उतरवून घेतलेली. ती खरी की खोटी याविषयी तेथे एक शब्दही नाही.